हाताने आवळायचा

काउंटरवर प्रेमानंदाने दोन डबे ठेवले.
एक तीनशे चाळीस, एक एकशे दहा.
"ओरिजिनल घे, बाये," म्हणाला,
आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघून,
"हाही चालतो. बरेच नेतात."

बरेच नेतात.
कुडचड्याच्या बाजारात हे वाक्य
छत्रीला लागतं, प्रेशर कुकरला लागतं,
माझ्या धाकट्या बहिणीच्या स्थळालाही लागलं होतं.

माझ्या व्हॅनमध्ये अकरा मुलं.
काकोड्याची सहा, शेळवणची तीन,
तिळामळच्या तिठ्यावर दोन,
त्यातलं एक रोज वॉटरबॅग विसरतं.
दोनशे तीसचा फरक
म्हणजे सिलिंडरचा पाव हिस्सा.
एवढा हिशेब मला काउंटरवर उभ्या उभ्या येतो.
पुढचा येत नाही.

म्हणून काहीच न घेता
स्टेशनामागे, इनास मेस्ताकडे.
त्याने माझ्या गाडीचा जुना काढला,
हॅकसॉने गोल कापला,
आणि आतला कागद बाकावर पसरला.

निऱ्याच त्या.
काळ्या, तेलकट,
घाईत नेसल्यासारख्या,
एका अंगाला सगळ्या गोळा,
दुसऱ्या अंगाला उघडं.
मी मोजल्या. चौतीस.
"चांगल्यात साठाच्या वर असतात," इनास म्हणाला,
आणि रबराची चकती माझ्या हातावर ठेवली,
जुन्या सोलासारखी ताठ.
रात्री तेल खाली उतरू नये
म्हणून हिने दार धरायचं असतं.
हिने कधीच सोडलेलं.

म्हणजे ती सकाळची टकटक,
किल्ली फिरवल्यावरची, दोन सेकंदांची,
जिला मी महिनाभर
दमट हवेचं नाव दिलं होतं.

"मग ओरिजिनलच घेते."
इनास हसला नाही.
फळीवरून आणखी एक कापलेला काढला,
मडगावच्या टॅक्सीतला.
डबा कंपनीचा, शिक्का चमकणारा,
तिरका धरला तर रंग बदलणारा.
आत निऱ्या एकतीस.

बराच वेळ मी दोन्हीकडे बघत बसले.
एकशे दहावाल्याने निदान
स्वतःच्या डब्यावर स्वतःचंच नाव छापलं होतं.

"ओळखायचं कसं?"
"बिल मागायचं. हातात घेऊन वजन बघायचं.
आणि विचारल्यावर
दुकानदार कुठे बघतो ते बघायचं."

परत गेले. विचारलं,
"प्रेमानंद, तुझ्या गाडीला कुठला लावतोस?"
तो आधी पंख्याकडे बघत होता.
मग खाली वाकला,
खोकी सरकवल्याचा आवाज,
आणि तिसराच डबा वर आला,
कंपनीचा नाही, फुटपाथवरचाही नाही,
दोनशे साठ, धुळीचा थर, जड.
"हा."
"मग आधी का दाखवला नाहीस?"
"कुणी विचारत नाही, बाये.
लोक महाग मागतात नाहीतर स्वस्त मागतात."

बिल केलं त्याने, कार्बन घालून.
दहा रुपये सुटे नव्हते,
त्याचे दोन फ्यूज दिले.

संध्याकाळी इनास गाडीखाली,
मी बॅटरी धरून.
नव्या तेलात बोट बुडवून
त्याने रबराच्या कडीवरून फिरवलं,
बाळाच्या हिरडीवरून मध फिरवावा तसं.
मी पाना पुढे केला.
"नको. हाताने आवळायचा.
पान्याने आवळला तर
काढताना कळेल कुणाची चूक."

सकाळी सहा चाळीस.
किल्ली फिरवली, कान लावला,
आणि नेमका त्याच क्षणी
शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला.

टकटक होती की नव्हती,
सांगता येत नाही.
तिळामळला पोरगं चढलं, वॉटरबॅगेशिवाय.
उद्या पंपाच्या आधी उठेन.