छाननी

तासगाव स्टँडमागं इर्शाद शिकलगारचं सेवा केंद्र,
तिथं तिसऱ्यांदा माझा अंगठा नापास झाला.
"मावशी, हात धुऊन या."
धुतले. साबणानं, मग राखेनं.
बेदाण्याचा चिकटा निघतो, गंधकाचा वास निघत नाही,
आणि वीस वर्षं दाणे निवडून झिजलेल्या रेषा
नळाखाली धरल्या म्हणून परत उगवत नाहीत.
शेवटी यंत्राला डोळा दाखवला.
डोळ्यानं ओळखलं.

विद्यार्थ्याचं नाव : विजयमाला सुदाम पाटोळे.
वय चव्वेचाळीस टाकल्यावर अर्ज जरा वेळ गोल फिरला.
इर्शाद म्हणाला, नेट स्लो आहे.
मला वाटलं, विचारात पडलाय.

वसतिगृहात राहता, की घरून ये-जा करता?
तिसरा पर्याय नव्हता.
मी कुठंच जात नाही, भाऊ.
कॉलेजच येतं, रात्री साडेनऊला,
भांडी पालथी घातली की,
पोराच्या जुन्या मोबाइलवर.
काचेचा तडा सरांच्या कपाळातून जातो
आणि तड्यापलीकडून सर विचारतात,
"माझा आवाज येतोय का सगळ्यांना?"
बाकीचे गप्प. मी एका बोटानं लिहिते : येतोय.

इर्शादनं ये-जा वर खूण केली.
"अंतर किती लिहू?"
चुलीपासून जिन्यापर्यंत, जिथं रेंज सापडते.
बारा पायऱ्या.
त्यानं शून्य लिहिलं. अर्जानं शून्य घेतलं नाही.
एक किलोमीटर लिहिलं. घेतलं.

पालकाचं वार्षिक उत्पन्न.
वडील जाऊन तीस वर्षं झाली.
नवरा आहे, पण त्याचं उत्पन्न
त्याच्या खिशालाही नीट माहीत नसतं.
मग कुपवाडच्या कारखान्यातून
सौरभची पगाराची चिठ्ठी आणली.
याच्या प्रगतिपुस्तकावर मी न वाचता सही करायची,
चपाती तव्यावर असायची.
यानं मात्र सगळा कागद वाचला,
वर विचारलं, "हजेरी किती टक्के?"

आणि शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र.
तहसीलच्या आवारात, लिंबाखाली,
टंकलेखक म्हणाला, "घरगुती अडचण टाकू? सगळे तेच टाकतात."
कारणाला जागा एक ओळ.
सव्वीस वर्षं.
बारावीची परीक्षा मार्चात, अक्षता मे महिन्यात,
निकाल आला तेव्हा मी सासरी शेण काढत होते,
कुणीतरी पेढा दिला, कशाचा ते मला संध्याकाळी कळलं.
"टाका," म्हटलं.
स्टँपला आणि त्याला मिळून दोन दिवसांची मजुरी गेली.

दसऱ्यापासून पोर्टलवर एकच ओळ आहे :
आपला अर्ज छाननीत आहे.
होळी झाली. नवा माल शेडला लागला.
छाननी मला कळते, साहेब.
पंधरा किलोची पेटी पुढ्यात ओततात,
काडी वेगळी, खडा वेगळा, हिरवा हिरव्यात,
काळा दाणासुद्धा आम्ही फेकत नाही,
त्यालाही गिऱ्हाईक असतं.
एका पेटीला पाच महिने लावले असते
तर मुकादमीण दुसऱ्या दिवशी कामावर म्हणाली नसती, या.

दुसऱ्या सत्राची फी मी भिशीतून भरली.
माझा नंबर नव्हता, सलमाचा होता.
तिनं बोभाटा केला नाही,
नुसतं म्हणाली, "पास हो, नाहीतर व्याज लावीन."

परवा परीक्षा झाली, जिन्यातच.
दहा गुणांचा प्रश्न :
सार्वजनिक खर्चाचे समाजावरील परिणाम स्पष्ट करा.
उत्तराची चौकट पाचशे अक्षरांची.
पुस्तकात होतं ते लिहिलं, क्रमानं, चुका न करता.
तरी खाली आकडा दाखवत होता : बारा अक्षरं शिल्लक.
बाराच अक्षरांत काय बसेल
याचा अंदाज घेत बसले,
वेळ संपली आणि चौकट आपोआप मिटली.