उघडणावळ

जेवणघरात बाहेरची बाटली आणता येते.
माणशी एक. उघडणावळ पंधरा डॉलर.
उघडणावळ हा शब्द माझा,
बिलावर कॉर्केज असं छापून येतं.

मी सहाव्या डेकवरची वाइनवाली.
घर मोल्दोव्हात, जिथे प्रत्येक तळघरात एक पिंप असतं
आणि त्या पिंपाची बढाई मारणारा एक बाप.
इथे ते कुणाला सांगायचं कारण पडत नाही.

व्हँकुव्हर सोडलं त्या रात्री, टेबल एक्केचाळीस.
ओरेस्ट हनातिउक, सस्कॅचवानचे, गव्हाच्या मुलखातले,
कोट मुलाच्या लग्नातला, बगलेत टॉवेल.
टॉवेलातून बाटली निघाली.
लेबल म्हणजे चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीने:
चोकचेरी. कुंपणाकडची. दुसरा घाणा.
तोंडाला लाख नव्हती,
वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचं गुलाबी मेण होतं.
बंदरावरच्या पोरीने तिला यंत्रातून दोनदा काढली,
हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

सगळ्या बाटल्यांना रीत एकच.
मी डावा हात पाठीशी घेतला, लेबल दाखवलं
(ज्याने लिहिलं त्यालाच),
सुरीने मेण तासलं, बूच उपसलं, बशीत ठेवलं,
घोटभर ओतली आणि थांबले.
शेजारच्या टेबलावर बोर्दोची बाटली होती,
तिथेही इतकीच थांबले होते.

ओरेस्टनी पेला उजेडाला धरला.
हुंगला. डोळे मिटले. घोट घेतला.
कपाळाला आठी पडली, ती त्यांनी पुसली
आणि मान हलवली, जशी हलवायची असते तशी.
घरी तालीम केली असणार.

व्हर्नाबाईंच्या पेल्यापाशी आले
तर त्यांनी वर तळहात ठेवला.
"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या, मला नाही, मिठाच्या भांड्याला,
"एकतीस वर्षं माझे दात आंबलेत.
मला ते शेजारी पितायत ना, तसलं काहीतरी आण."

आणलं. पेल्याला बारा डॉलर.
एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पांचट."
आणि संपवलं.

मग बिल.
ती चिकटपट्टी, माझ्या नखात अडकलेला मेणाचा गुलाबी कपचा,
काय झालं कोण जाणे, मी वाकून हळूच म्हटलं,
साहेब, उघडणावळ राहू द्या. कुणी बघत नाहीये.
(मुख्य वेटर बघत होता. तो नेहमीच बघतो.)

ओरेस्टांचे कान लाल झाले. मला वाटलं, चढली.
"का? हिलाच का नाही?
त्या बोर्दोवाल्यांना लावलीस?"
लावली होती.
"मग लाव."

लावली. कागद करकरत बाहेर आला:
टेबल ४१. कॉर्केज, १ बाटली. १५.००
त्यांनी चष्मा पुसून तो वाचला, खालून वर,
मग पुन्हा वरून खाली.
गावात ही बाटली नाताळला वाटतात म्हणे,
घेणारे रिकामी परत करायलाही विसरतात.
तिच्यापायी आजवर कुणी दमडी मागितली नव्हती,
दिली तर नव्हतीच.
कागदाची घडी झाली, कोटाच्या आतल्या खिशात गेली.

"आता हा तिला चौकट करील," व्हर्नाबाई म्हणाल्या
आणि पेला माझ्याकडे सरकवला.
"थोडीच."

उरलेली बोटभर
मी रात्री साडेअकराला, मागच्या कोठीत, उभ्यानेच.
नियमात बसत नाही.
तुरट. आधी नुसती तुरट, जीभ घोंगडीसारखी.
मग खूप मागून काहीतरी आलं, कडसर, बियांचं,
ते कशासारखं हे मी आठवत होते
तेवढ्यात कुणीतरी पायाने दार ढकललं
आणि बर्फाच्या बादल्या आत येऊ लागल्या.