अक्कलखाते

सोहारच्या मासळीबाजारामागे, ट्रकांच्या यार्डात माझं टेबल.
टेबलावर पगारपत्रक, छत्तीस नावं.
सारंग दाऊद, दाभोळ, टँकर नंबर नऊ.
नावासमोर मार्चपासून एक बारीक टिंब.

मार्चात एका पहाटे त्यानं टँकर मागे घेतला
आणि खजुराच्या गोदामाचा म्हातारा राखणदार
मागे सावलीसारखा निजला होता.

हेतू नव्हता. तरी जिवाची रक्कम ठरली.
दाऊदकडे निघाले सत्तर रियाल
आणि लेकीसाठी घेतलेल्या बाळ्या, अजून न पाठवलेल्या.

हमूद शेख, निवृत्त काझी, काहवा ओतत म्हणाले:
पूर्वी चुकून झालेल्या खुनाचं एकट्याकडून घेत नसत.
चुलतभाऊ उंट आणत,
मेलेल्याच्या अंगणात गुडघा बांधून बसवत.
त्या बांधण्यावरूनच भाऊबंदांना नाव पडलं, आकिला.
तुमची अक्कल आहे ना, तीही त्याच दोरीची.

मी हिशेबनीस. विचारलं,
न केलेल्या चुकीचा हप्ता भावानं का भरावा?

एकावर शंभर उंट म्हणजे सत्यानाश,
शंभरांवर एकेक म्हणजे नुसती कुरकुर.
आणि कुरकुरणारा माणूस
पुढच्या खेपेला बेफाम पोराचा लगाम आधी धरतो.

आणि ज्याला इथं भाऊच नाही?

काही जुने फकीह म्हणतात, एका पगारवहीत नावं असलेले,
तेच एकमेकांचे भाऊ.
त्यांनी माझ्या काखेतल्या वहीकडे पाहिलं.

रात्री कॅम्पात भिशीच्या डब्याभोवती बसलो.
आम्ही काय त्याचे चुलते? वर्की म्हणाला.
बराच वेळ फक्त एसीची घरघर.
मग गुलरेज, खाली बघत:
तो दोन रात्री झोपला नव्हता. मला ठाऊक होतं.
मलाही, कोपऱ्यातून कुणी.
चहावाल्यालासुद्धा.
पैशाआधी हेच जमा झालं.

मी बोललो नाही.
नऊ नंबरच्या विम्याचा कागद
फेब्रुवारीपासून माझ्याच पेपरवेटखाली होता.

तीन वर्षांचे हप्ते पाडले.
माझ्या नावापुढे मी चौपट आकडा घातला.
कुणी विचारलं नाही. दाऊदनं एकदा पाहिलं फक्त.
खर्चाचं शीर्षक काय द्यायचं?
कर्ज नाही, दान नाही,
दंड म्हणावा तर गुन्हा कुणाचा.
अक्कलखाते, असं लिहून टाकलं.

राखणदाराचा मुलगा दर महिन्याला येतो,
नोटा दोनदा मोजतो, सही करतो, पाणी घेत नाही.

आता गुलरेज किल्ल्या उशीखाली घेऊन झोपतो,
सहा तास झाल्याशिवाय देत नाही,
मालकाचा फोन आला तरी.

या महिन्यात चौघं कायमचे गावी गेले.
त्यांचा वाटा उरलेल्यांवर पसरला, माणशी थोडे बैसा.
संध्याकाळी यार्डात मोठी कुरकुर झाली.
मी खिडकी उघडीच ठेवली.