रिकाम्या पेटीचा साक्षीदार

आमच्या देशात एक रीत आहे.
सकाळी सातला जो पहिला येईल
त्याला मतपेटी उघडून दाखवायची :
बघा, आत काही नाही.
मग कुलूप.

इसोने गावात पहिला येतो
तो मात्सुनागा तोकुजी.
होडीवर दिवे लावून रात्रभर माकूळ पकडायचा कधीकाळी.
कंबरेवर हात ठेवून वाकतो,
हवा त्याहून जास्त वेळ आत बघतो
आणि म्हणतो, "रिकामी,"
विहिरीत डोकावून पाणी आटल्याचं सांगावं तसं.

यंदा त्याने वर बघून विचारलं,
"चिगुसासान, ही पेटी आता कुणाची?"

काय सांगणार.
राजधानीत कुणीतरी भागाकार केला
आणि आम्ही बाकी उरलो.
तोत्तोरीची माणसं पुरेनात
म्हणून शेजारच्या शिमानेला जोडली,
दोघांत मिळून एक खुर्ची.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
मोटारीने जायचं तर दिवस मोडतो.
उमेदवार पलीकडचा. त्याची भोंग्याची गाडी
आमच्या बोगद्यापर्यंतही आली नाही.
शाळेपाशी फळी तेवढी उभी होती,
आखलेल्या चौकोनांची,
बरेच चौकोन कोरे.
शाळाही तशी आता शाळा नाही.

आमच्याकडे नाव हाताने लिहावं लागतं.
त्याच्या आडनावातलं एक अक्षर
मला वर्तमानपत्रात बघून गिरवावं लागलं
दोन वेळा.

रात्री नात्सुएचा फोन येतो तोक्योहून.
म्हणाले, आपण खिजगणतीत नाही गं आता.
ती चिडली.
"आई, माझ्या एका इमारतीत
इसोनेच्या तिप्पट माणसं राहतात.
लिफ्टमध्ये कुणी कुणाचं नाव विचारत नाही,
पण माणसंच ना ती?
इतकी वर्षं तुझं एक मत
आमच्या तीन-चार जणांना भारी पडायचं.
मला काय पाव जन्माला घातलं होतंस?"

मी म्हटलं, इथे बर्फ पडतो तेव्हा
तो डोकी मोजून पडत नाही.
रस्ता मोकळा करणारं यंत्र मात्र
डोकी मोजून येतं.
डोंगराला मत नाही, समुद्राला नाही,
आजारी पडल्यावर दवाखान्यापर्यंतच्या
बावन्न किलोमीटरांनाही नाही.

"मग किलोमीटरांनी मतं द्यायची का?" ती म्हणाली.

आणि हे मला तिला सांगता आलं नाही
की गावाच्या नोंदवहीतून
तिचं नाव मीच काढलं होतं.
एकतीस वर्षं त्याच टेबलावर बसले मी.
जन्म क्वचित. बाकी सगळे बदलीचे अर्ज :
ओसाकाला, तोक्योला, नाव नीट वाचता न येणाऱ्या उपनगराला.
एकेक नावावर लाल रेघ ओढायची,
आणि तराजूचं आमचं पारडं
मलाच न कळता वर जायचं.
शेवटी पासंगालाही पुरेनासं झालं.
तिच्या नावावरची रेघ
मी पट्टी लावून ओढली होती, सरळ यावी म्हणून.

तिकडे जाऊन ती हलकी झाली.
इकडे राहून मी जड झाले.
न्यायाधीश म्हणाले, हे बरोबर नाही.
बरोबर नव्हतंच.
पण त्यांनी दुरुस्त केलं ते वजन.
रिकामी घरं तशीच राहिली.

आमचं केंद्र आता सहालाच बंद होतं.
पेन्सिली मोजल्या : बारा.
पेटी गाडीत ठेवताना आतून
कागद सरकल्याचा आवाज आला, थोडासाच.

एक गोष्ट नोंदवहीत लिहायची नसते,
म्हणून इथे.
उमेदवाराचं नाव होतं चार अक्षरांचं.
आडोशामागे तोकुजीची पेन्सिल
पुष्कळ वेळ खरडत होती.
दोनदा थांबली, पुन्हा सुरू झाली.
ते मत बाद होणार, मला कळत होतं.
मी यादीकडेच बघत राहिले.
त्याच्या नावापुढे खूण होती,
आला, म्हणून.

तो गेल्यावर ती पेन्सिल
मी टोक करून परत जागेवर ठेवली.