तळाची दोरी

कुगावला पाणी मैलभर मागं सरकलंय.
उघड्या गाळाला भेगा, भेगांत शिंपले.
सासऱ्यांची पत्र्याची होडी
आम्ही दोघांनी ओढत नेली तिथवर.

मी सोलापूरचा, यंत्रमागावरचा.
सूत आलं नाही म्हणून चार दिवस कारखाना बंद.
धागा तुटायच्या आधी मला कळतं,
असं मी काठावरच बोलून बसलो.
भिवाजीमामा गळाला गांडूळ ओवत राहिले.
"तुझा धागा खरं बोलत असंल," म्हणाले,
"ह्यो थापा मारतो."

वाम तळाला असते.
वर चिलापी उड्या मारते, तिच्याकडं बघायचं नाही.
होडी वाऱ्यावर सोडायची, दोरी बोटावर घ्यायची,
खाली शिसं गाळावरनं घसटत जातं.

पहिला झटका दगड.
दुसरा बाभळीचं खोड, धरणाच्या आधीचं.
"हिला आमची शेळी बांधलेली असायची."
एवढंच. पुन्हा गांडूळ.

ऊन डोक्यावर आलं.
तिसऱ्यांदा झटका नव्हताच,
दोरी नुसती जड झाली,
फणीत गाठ शिरावी तशी.
मी ओढली नाही.
मामांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं,
त्याच्या टोकाचे थेंब मोजता आले असते.

मग तिनं ओढलं.

हातभर वाम, होडीच्या तळाशी
स्वतःलाच पीळ घालत होती.
मामांनी विडी पेटवली,
दुसरी दोरीही माझ्याकडं सरकवली.

बोटावर लाल रेघ उठलीय.
सोमवारी मागावर झोंबेल.