डाव्या बाजूला मी

आधी पलंगाची चाकं. खटका पायानं दाबून बघते,
दाबलेलाच असतो, तरी.
मग फरशी. कुणीतरी डबा धुऊन आणलेला असतो,
नळापासून सहा नंबरपर्यंत थेंबांची रांग,
ती पुसून काढते. लघवीची पिशवी सोडवून
कमरेच्या खालीच अडकवते.
मग म्हणते, चला व्हटकर, उठायचं का?

"उठायचं की," म्हणतात यल्लाप्पा व्हटकर.
अर्धं तोंड हसतं, अर्धं नुसतं बघत बसतं.

उठायचं म्हणजे आधी कुशीवर.
मग पाय खाली सोडून गप्प बसायचं.
रक्ताला वर चढायला वेळ लागतो,
पंचगंगेच्या घाटावरनं भरली घागर
वर यायला लागायचा, तसा.
गरगरतंय? न्हाई. खरं सांगा.
जरा.
मग थांबू.

पहिल्या दिवशी त्यांचा मुलगा चप्पल घेऊन आला.
कानवाली, बापानंच शिवलेली, तेल पाजलेली.
मी म्हटलं, ही नको. तळ गुळगुळीत, मागं पट्टा नाही,
बधिर पायातनं कधी निसटली कळायचंही नाही.
मुलगा गप्प. मला वाटलं, आता हा माणूस भडकणार,
बेचाळीस वर्षं सुभाषनगरात बसून
चप्पल लाइनीतल्या निम्म्या दुकानांना माल दिलेला.
त्यांनी चप्पल उजव्या हातात घेतली, उलटी केली,
तळावरनं अंगठा फिरवला.
"बराबर हाय," म्हणाले.
"ही उभ्या माणसाची चप्पल हाय."

कमरेला पट्टा बांधते तेव्हा रोज तो चाचपतात.
"शिलाई कच्ची."
कंपनीचा आहे, मी म्हणते.
"कंपनी कधी पडली न्हाई वाटतं."

त्यांच्या डाव्या बाजूला मी. लुळा अंग माझ्याकडं.
पट्टा मुठीत, गुडघे वाकलेले, पाठ ताठ,
नजर त्यांच्या पायांवर.

सहाव्या दिवशी, सातव्या पावलाला,
कपाळावर घाम आला आणि मान गेली.
ओढून उभं धरलं असतं तर दोघंही गेलो असतो.
झेलायचं नसतं, उतरवायचं असतं.
एक पाय पुढं टाकला आणि माझ्या मांडीवरनं,
पोटरीवरनं, त्यांना फरशीवर आणलं,
डोकं हातात ठेवून.
रजिस्टरात लिहिलं: रुग्णास सावकाश जमिनीवर बसवले. इजा नाही.
"पडलो मी," ते म्हणाले.
न्हाई. बसवलं.
"त्यात काय फरक?"
फरक माझ्या कमरेत होता. तो सांगितला नाही.

मग दोन दिवस भिंतीकडं तोंड.
मी वाद घातला नाही. पडल्या पडल्या घोटा वर, घोटा खाली,
चांगल्या हातानं लुळा हात उचलायचा, ठेवायचा.
ते करायचे, भिंतीकडं बघतच.

तिसऱ्या सकाळी पलंगाच्या कडेला बसले.
रबरी तळाच्या बुटाची पट्टी लावायला मी उकिडवी बसले
तर वरनं आवाज आला,
"सिस्टर, तुमच्या डाव्या टाचंची भाईरली कड लई झिजलीया.
सगळं वजन त्या अंगाला टाकताय.
रातचं कंबर धरती का न्हाई?"

अकरा वर्षांत किती पाय धरले, किती कमरा.
माझी कुणी विचारली नव्हती.
धरती, मी म्हटलं.

"आतनं पातळ चामडं घालून देतो. हात आला की."

हात आला की. डावा हात मांडीवर पडलेला,
त्याच्याकडं आम्ही दोघंही थोडा वेळ बघितलं.
मग पट्टा आवळला, दोन बोटं जातील एवढा.
चाकं. फरशी. पिशवी.

"त्या दिवशी किती पावलं झालती?"
सात.
"सहा. सातवं धरू नका, ते कच्चं हुतं."

एक, म्हटलं मी. दोन.