सदतीस अंशांवर, बारा तास

संध्याकाळी पाचला पांढरी व्हॅन येते
हेक्स नदीच्या खोऱ्यातून, द्राक्षमळ्यांची धूळ घेऊन.
डेनविन खोका हातात देतो आणि दर वेळी तेच म्हणतो,
"सांभाळ, रोझेल्डा, अजून ऊब आहे."
एकेचाळीस नळ्या. एकेचाळीस पोरांचं रक्त.
नावं नसतात, नुसते आकडे;
पण ०२७च्या झाकणावर एकदा जांभळा डाग होता
आणि मी गप्प बसले.
बहिणीचा रुवेन रेशीमकिडे पाळतो बुटांच्या खोक्यात,
दिवसभर तुतीवर असतो.
नळी दाखवा म्हणाला असणार.

मग मी प्रत्येक नळीत
जंतूच्या अंगावरचा एक कण सोडते,
माग काढणाऱ्या कुत्र्याला चोराची चप्पल हुंगायला द्यावी तसा.
ओळखतोस?
यंत्राचं दार लावते. सदतीस अंश. बारा तास.
रक्त रात्रभर आठवत बसतं.

पाच्या रक्ताला असं कुणी विचारलं नाही.
तो चौदा वर्षांचा असताना, मळ्यावर
मजुरीत वाइनचा पेला मोजला जायचा त्या काळात,
कुणाच्या तरी खोकल्यातून आला तो.
भक्षकपेशीनं गिळला.
गिळला, पण पचला नाही.
मेणाचा अंगरखा घालून
तिच्याच पोटात बिऱ्हाड मांडून बसला,
वीस तासांनी एकाचे दोन होणारा,
कसली घाई नसलेला.
मग बाकीच्या धावल्या, खेटून उभ्या राहिल्या,
कारूत मेंढ्यांच्या कोंडवाड्याला
चुन्याशिवाय दगड रचतात तसं कडं केलं.
चाळीस वर्षं.
आत ना लढाई, ना तह.
बाहेर पा द्राक्षं खुडत होता,
चर्चमध्ये खर्जात गात होता,
माझ्या सायकलची सीट धरून पळत होता.

एका हिवाळ्यात काम सुटलं. मग जेवण.
डोंगरावर बर्फ पडलं त्या आठवड्यात
एक दगड निखळला.

पुढचं मी सांगत नाही.
मम्मा अजूनही "छाती" म्हणते, नाव घेत नाही.

काल शाळेच्या हॉलमध्ये निकाल होता.
अडीच वर्षं अर्ध्या पोरांना लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी,
कुणाला काय ते ना त्यांना माहीत, ना मला.
डॉक्टर नोझुकोंनी कागद तीनदा सरळ केला.
लसीनं अपाय केला नाही, म्हणाल्या.
पण आजारी पडायची ती पोरं
दोन्हीकडे सारखीच पडली.

पंख्याचा आवाज.
मग टानी कट्रीना उठली, हातात पिशवी तशीच.
"रक्ताला चोर कळला होता ना? ही पोरगी म्हणाली होती."
कळला होता, टानी. पेशी पेटल्या होत्या,
मीच मोजल्या, रात्र रात्र, हजारोंनी.
कड्याच्या आत शिरून काय करायचं
ते त्यांना कसं शिकवायचं, हे आम्हाला नाही कळलं.
"म्हणजे आमच्या वोल्फीसारखं," टानी म्हणाली,
"भुंकतो झकास."
सगळा हॉल हसला. डॉक्टरही.
डोळे पुसायला ते बरं पडलं.

बाहेर पायरीवर रुवेन पाकीट फोडून बसला होता.
"मीठ," तो म्हणाला. "मावशी, मला नुसतं मीठ!"
मी म्हटलं, तुझ्या मिठाशिवाय
लसीचं खरं-खोटं कुणाला कळलं असतं?
पटलं नाही त्याला. पटायचं वयही नाही.
थोड्या वेळानं म्हणाला,
"पुढच्या वेळी खरी मिळेल?"
माहीत नाही. मलाही सांगत नाहीत.

उरलेल्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत आहेत, धुरात,
अजून न सुचलेल्या प्रश्नासाठी.

आज पाचला व्हॅन आली.
नवा अभ्यास, नवी लस, नवे आकडे.
डेनविन म्हणाला, "सांभाळ."
मी झाकणं पुसत गेले, एकेक.
११४वर थांबले.
जांभळं होतं बोटाला.
तेवढं राहू दिलं, आणि नळी आत ठेवली.